लग्नात डीजे वाजवणाऱ्या पोराला आमच्या टेक्नोच्या गटात घ्यावं का?

लॅमिनार, जळगाव

नमस्कार. जरा मोठं लिहितेय. दोन ओळींत विचारलं तर कोणीतरी "घ्या की, त्यात काय" म्हणेल आणि मी होते तिथेच राहीन. रविवारपर्यंत मला मत द्यायचं आहे.

आम्ही सहा जण आहोत. मी धरून तिघं जळगावचे, एक भुसावळला रेल्वेत, एक धुळ्याचा, एक चोपड्याचा. महिन्यातून एका शनिवारी चोपड्याच्या मित्राच्या केळीच्या पॅकहाऊसमध्ये जमतो. केळी पिकवायची एक खोली माल नसला की रिकामी पडलेली असते. चारी बाजूंनी पफचे, म्हणजे फोम भरलेल्या पत्र्याचे पॅनल, जाडजूड दार, आणि दोन शेतं ओलांडेपर्यंत घर नाही. पत्र्यावर आवाज फार खणखणतो म्हणून भिंतींना बारदान टांगलंय. दारू नाही. फोन दाराशी टोपलीत. रात्री नऊला सुरू करतो ते पहाटे तीनपर्यंत. मध्ये मित्राची आई देते ते भरीत आणि कळण्याची भाकरी. वाजतं ते टेक्नो, डब टेक्नो, ॲसिड, कधी इलेक्ट्रो, सगळं मशिनींवरचं, बहुतेक बिनशब्दांचं ठोक्यांचं संगीत. चार वर्षं झाली, एकही महिना चुकवला नाही.

मी टिश्यू कल्चरच्या लॅबमध्ये आहे. केळीची रोपं बाटल्यांत वाढवतो. दिवसभर लॅमिनार एअरफ्लोसमोर बसायचं, गाळलेली हवा समोरून एकसारखी घुमत अंगावर येते. पहिली दोन वर्षं त्या घुमण्याने डोकं दुखायचं. मग 2016 मध्ये मावसभावाच्या पेनड्राइव्हवर टेक्नोचा एक तासाभराचा सेट, म्हणजे सलग वाजवलेल्या रेकॉर्ड, मिळाला आणि तो ऐकताना लक्षात आलं, की असं घुमणं मला ओळखीचं आहे, त्यात आत-आत काय काय बदलत जातं ते मला ऐकू येतं. तेव्हापासून हे माझं संगीत. घरात कोणाला कळत नाही. आई अजूनही दारातून डोकावून विचारते, गाणं सुरू कधी होणार. ऑफिसात म्हटलं, मी डीजे ऐकते, तर विचारतात, कोणाची हळद आहे.

2019 मध्ये एकदा मुंबईला गेले होते. 420 किलोमीटर, मुक्काम नाही, पहाटेच्या गाडीने परत. आत फार सुंदर वाजत होतं. पाणी प्यायला बाहेर आले तर एका घोळक्याने विचारलं, कुठली. जळगाव म्हटलं. "तिकडेही पोचलं हे?" मग परीक्षा सुरू झाली. हे लेबल कोणाचं, ते टोपणनाव कोणाचं, ती रेकॉर्ड कुठल्या साली. चार उत्तरं बरोबर आली, पाचवं चुकलं. पाचव्याला त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. वाईट माणसं नव्हती ती. पण ते पाहणं सहा तासांच्या परतीच्या प्रवासात माझ्यासोबत होतं आणि आजही आहे. आमचा गट त्यातूनच झाला. आम्हा सहाही जणांकडे अशी एकेक गोष्ट आहे.

आता मुद्दा. दिवाळीनंतर ॲम्पमधून घूं असा आवाज यायला लागला. मित्राने ओळखीच्या एका डीजेवाल्याला बोलावलं. बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा, एरंडोलकडचा. लगीनसराईत टेम्पोवर चार बेस चार टॉप लावून वरात वाजवतो. अर्थिंगचा घोळ होता, दहा मिनिटांत काढला. मग तिथेच उभा राहिला. खोलीच्या मध्ये आला, कोपऱ्यात गेला, परत मध्ये आला. म्हणाला, "ताई, तुमना बेस भांडी ऱ्हायनात." म्हणजे एकमेकांशी भांडताहेत.

आम्हाला कळेना. त्याने खिशातून पेन्सिल सेल काढला, एका बॉक्सच्या वायरीला टेकवला. स्पीकरचा पडदा बाहेर आला. दुसऱ्याला तसाच टेकवला, पडदा आत गेला. एका बॉक्सची लाल-काळी उलटी जोडलेली. एक ढकलत होता तेव्हा दुसरा ओढत होता, आणि नेमका आम्ही बसायचो तिथे दोघांचा बेस एकमेकाला खाऊन टाकत होता. ते बॉक्स आम्ही आठ महिन्यांपूर्वी घेतले होते. आठ महिने आम्ही सहा जण तिथे बसून बेसबद्दल बोलत होतो.

त्याने वायर बदलली, दोन्ही बॉक्स दोन कोपऱ्यांतून उचलून भिंतीच्या मधोमध शेजारी-शेजारी ठेवले आणि म्हणाला, आता लावा. तीच रेकॉर्ड लावली. काय सांगू. बरगड्यांच्या आत कोणीतरी दिवा लावल्यासारखं झालं. तो भिंतीला टेकून खाली बसला आणि अडीच तास डोळे मिटून ऐकत राहिला. जाताना पैसे घेतले नाहीत. दाराशी थांबून म्हणाला, "ताई, पुढच्या महिन्यात येऊ का? मी काही वाजवणार नाही. ऐकीन फक्त."

नवीन माणूस घ्यायचा तर आम्ही मत घेतो. तिघं नाही, दोघं हो. माझं बाकी आहे. मी नाही म्हटलं तर मिटलं. हो म्हटलं तर बरोबरी, पुन्हा बसून बोलायचं.

नाही म्हणणाऱ्यांचं म्हणणं असं, की आपलं जे आहे ते लग्नाच्या डीजेसारखं नाही म्हणूनच आहे. त्याला फरक कळणार नाही, उद्या तो दहा पोरं घेऊन येईल. आमच्या भिंतीवर चरणजित सिंग यांचा फोटो आहे. मुंबईच्या या माणसाने 1982 मध्ये 303 आणि 808 या इलेक्ट्रॉनिक बेस आणि ठोक्यांच्या मशिनींवर दहा राग बसवले. रेकॉर्ड कोणी घेतली नाही, 2010 मध्ये एका डच संग्राहकाने पुन्हा काढली तेव्हा जगाला कळलं. एक मित्र त्या फोटोकडे बोट दाखवून म्हणाला, हे टिकलं कारण हे गर्दीचं नव्हतं. दुसरा म्हणाला, कंटॅमिनेशन होईल. हा शब्द माझ्या लॅबमधला, त्यांना मीच शिकवलेला.

आणि मला जे खरं खुपतंय ते सांगते. तो "येऊ का" म्हणाला तेव्हा माझ्या मनात पहिला शब्द आला तो "नको". तोंडाने मी "सांगते" म्हटलं, पण त्याआधी मी आमच्या मित्राकडे पाहिलं. त्या पोराने ते पाहिलं.

तुमच्यापैकी कोणी असं दार लावलंय का? किंवा बाहेर उभं राहिलंय का? मी काय करावं?

यार्डातला, भुसावळ

ताई, मी नाही म्हणणाऱ्यांच्या बाजूने लिहितो, राग मानू नका. पोरगा गुणी आहे हे तुमच्या लिहिण्यातच दिसतं. माझी भीती संख्येची आहे.

इंग्लंडमध्ये मे 1992 मध्ये कॅसलमॉर्टनच्या माळावर आठवडाभर फुकट रेव्ह, म्हणजे अशा संगीतावरचा नाचाचा जमाव, चालला. वीस हजारांच्या वर माणूस लोटला. त्याआधी हेच लोक आडबाजूच्या गोदामांत, माळांवर वाजवत होते आणि बहुतेकांना पत्ताही नव्हता. गर्दी दिसली तशी टीव्हीवर आली, तिथे वाजवणाऱ्या स्पायरल ट्राइब या गटाच्या तेरा जणांवर खटला झाला. ते सुटले, पण 1994 मध्ये कायदा आलाच. त्यात एकामागोमाग पडणाऱ्या ठोक्यांचं संगीत असं चक्क लिहून पोलिसांना शंभर माणसांचा जमाव उठवायचा अधिकार दिला. शंभरावर माणूस गेला की तुम्ही कोण, किती प्रेमाने ऐकता, हे कोणी विचारत नाही.

आपल्याकडे 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर स्पीकर नाही. तुमचं बंद खोलीत आहे, सहा माणसं आहेत, म्हणून पहाटे तीनपर्यंत चालतं. पंचवीस झाले की शेताच्या बांधावर पंचवीस मोटारसायकली उभ्या राहतील. मग चोपड्याच्या त्या भावाच्या वडिलांना कोण उत्तर देणार? मालक तेच असतील ना पॅकहाऊसचे?

एक घेतला तर दुसऱ्याला कुठल्या तोंडाने नाही म्हणाल, एवढाच माझा प्रश्न आहे.

पांझराकाठ, धुळे

पोरी, मी 1994 ते 2011 धुळ्यात साउंड भाड्याने द्यायचो. लग्न, गणपती, प्रचारसभा, सगळं केलं. तुझं लिहिलेलं वाचलं आणि पेन्सिल सेलपाशी थांबलो. मी माझ्या हाताखालच्या पोरांना पहिल्या दिवशी शिकवायचो ती ही गोष्ट.

तुम्ही डब टेक्नो ऐकता म्हणतेस. डब आला कुठून? जमैकातून. तिथे किंग्स्टनमध्ये 1950 च्या दशकापासून माणसं कपाटाएवढे बॉक्स रस्त्यावर, अंगणात रचून रेकॉर्ड वाजवायची. त्यालाच साउंड सिस्टिम म्हणतात. माझा बॉक्स मोठा का तुझा, यावर गल्ल्यागल्ल्यांत स्पर्धा. आपल्या वरातीसारखंच. आणि डबला आकार देणाऱ्यांत सगळ्यात मोठं नाव किंग टबी. तो माणूस मूळचा कोण? रेडिओ आणि ॲम्प दुरुस्त करणारा. साउंड सिस्टिमवाल्यांचे जळलेले ॲम्प त्याच्याकडे यायचे. पुढे रेकॉर्ड कापण्याचं काम करता करता त्याला कळलं की गाण्यातून गाणाऱ्याचा आवाज काढून टाकला, फक्त बेस आणि ढोल ठेवला, वर प्रतिध्वनी सोडला, तर वेगळीच जागा तयार होते. जमैकाची पुष्कळ माणसं इंग्लंडला गेली तेव्हा ही बॉक्सची रीतही सोबत गेली. जंगल, ड्रम अँड बेस या संगीतप्रकारांची मुळं बरीचशी तिथलीच. न्यूयॉर्कला ब्राँक्समध्ये 1973 मध्ये हिप-हॉपची ती पहिली पार्टी करणारा कूल हर्क, तोही जमैकाचाच, तसेच बॉक्स घेऊन.

म्हणजे तुझ्या दारात जो उभा राहिला तो या घराण्याच्या मूळ धंद्यातला आहे. बेस कानाने नव्हे तर पोटाने मोजणारा.

आणखी एक. टेम्पोवर उभं राहून वाजवणारा पोरगा दुसऱ्या कुणाच्या सेटअपला बसून अडीच तास ऐकतो, असं मी सतरा वर्षांत कधी पाहिलं नाही. आमच्यात कोणी दुसऱ्याचं ऐकतच नाही. मी त्याच्या जागी असतो तर त्या बॉक्सच्या किमती मोजत बसलो असतो.

मत द्यायच्या आधी त्याला फोन कर. तुझं ते मित्राकडे पाहणं त्याने पाहिलंय. ते मताने पुसलं जाणार नाही, बोलून जाईल.

फळ्यावरचा, अमळनेर

मी शिकवतो, म्हणून थोडं पुस्तकी वाटेल, पण तुमच्या मुंबईच्या परीक्षेवरून आठवलं. सारा थॉर्नटन या अभ्यासक बाईंनी ब्रिटनमधल्या क्लबांत जाणाऱ्या पोरांचा अभ्यास 1995 मध्ये मांडला. कोणाला काय माहीत आहे, कोणाकडे कुठली दुर्मीळ रेकॉर्ड आहे, याची तिथे पैशासारखी पत चालते. त्याला त्यांनी उपसांस्कृतिक भांडवल म्हटलं. मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. आपण "मेनस्ट्रीम" नाही, हे प्रत्येक जण सांगायचा, पण ती मेनस्ट्रीम गर्दी म्हणजे नेमकं कोण, तर बोट कायम पलीकडच्या क्लबकडे. आणि हिणवायला जी काल्पनिक व्यक्ती समोर उभी केली जायची ती बहुतेक वेळा कामगार घरातली मुलगी असायची. ताई, मुंबईत तुम्ही त्या जागी होतात.

तुमच्या मित्रांना एवढं विचारा. टेक्नोची सुरुवात ज्यांच्या नावावर लावतात ते हुआन ॲटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन सॉन्डर्सन अमेरिकेतल्या डेट्रॉईट शहरातल्या शाळेतले नव्हते. तीसेक मैलांवरच्या बेलव्हिल गावच्या शाळेतले. गोऱ्यांच्या गावातली काळी पोरं, रात्री रेडिओवर डेट्रॉईटच्या एका निवेदकाने लावलेलं क्राफ्टवर्क, म्हणजे मशिनींवर वाजवणारा जर्मन बँड, ऐकायची. त्यांना कोणी "तिकडेही पोचलं हे?" विचारलं असतं तर?

आणि चरणजित सिंग यांच्याबद्दल. ती एक रेकॉर्ड त्यांच्या मनाची. बाकी त्यांची रोजीरोटी म्हणजे सिनेमाच्या गाण्यांत दुसऱ्यांनी सांगितलेलं वाजवणं. ते गर्दीचे नव्हते, हे मला पटत नाही. गर्दी नाचायची त्या गाण्यांत त्यांचाच हात होता.

हळदीवाला, पारोळा

ताई, मी लग्नात वाजवतो. सहा वर्षं झाली. दोन दिवस हे वाचून राहिलो, लिहू की नको करत होतो.

सुपारी घेतली की नवरदेवाचे मित्र सांगतात कोणतं गाणं. आम्ही निवडत नाही. तीच दहा-बारा गाणी, एकेक चार-चार वेळा. मध्येच बंद केलं तर बाटली फेकतात. आमची आवड काय शे, आमले कोन इचारस?

2020 मध्ये लॉकडाऊनला सगळ्या सुपाऱ्या गेल्या. बॉक्स घराच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये. हप्ते चालू. तेव्हा रात्री एकटा शेडमध्ये एकच बेस लावून बसायचो. यूट्यूबवर जेफ मिल्स हा डेट्रॉईटचा टेक्नोवाला सापडला. समोर फक्त 909 हे ठोक्यांचं मशीन, दोन हात, गाणं नाही, काही नाही. मला वाटलं हा माणूस माझ्यासारखा एकटा शेडमध्ये बसलाय. ते वर्ष मी त्यावर काढलं. आजही लग्न आटोपून आवराआवर करून रात्री दोनला टेम्पोत बसलो की तेच लावतो. ड्रायव्हर झोप येते म्हणतो.

हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही. वरातीतल्या पोरांना हे नुसतं टुकटुक वाटतं. आणि तुमच्यासारख्यांना आम्ही वाटतो.

त्याला फरक कळणार नाही असं तुमचे मित्र म्हणाले, ते वाचून वाईट वाटलं. पोटासाठी वाजवतो ते आणि जिवासाठी ऐकतो ते, यातला फरक आमच्याइतका कोणाला कळतो? आम्ही तो रोज रात्री त्याच टेम्पोत ऐकतो.

"वाजवणार नाही, ऐकीन फक्त" असं आम्ही सहसा म्हणत नाही. वाजवणं हीच आमची किंमत. ती खाली ठेवून तो आत येऊ का म्हणाला.

लॅमिनार, जळगाव

सगळ्यांचं वाचलं. हळदीवाला दादा, तुमचं चार वेळा वाचलं.

काय झालं ते सांगते. आधी त्याला फोन केला. म्हटलं, त्या दिवशी तू विचारलंस तेव्हा मी दुसरीकडे पाहिलं, ते माझं चुकलं. तो गडबडला, "नहीं ताई, तसं काही नाही" म्हणाला, आणि मग बराच वेळ काही बोलला नाही. मीही नाही बोलले.

शनिवारी बसलो. मी तयारी करून गेले होते. बाटलीतली रोपं आम्ही दर तीन-चार आठवड्यांनी नव्या खाद्यावर हलवतो, त्याला सबकल्चर म्हणतात. एका कंदापासून आठेक वेळाच. त्यापुढे ओढत गेलं तर रोपं बिघडतात, पुढे शेतात कुठलं बुटकं राहतं, कुठल्याची पानं भलतीच. मग शेतातून नवा कंद आणावा लागतो, मातीसकट. मी म्हटलं, आपण सहा जण चार वर्षं त्याच बाटलीत आहोत. मला वाटलं, पटेल. तर धुळ्याचा मित्र म्हणाला, "कंद आणला की तुम्ही तो सोलता, औषधात बुडवता. या पोराला पण बुडवणार का?" मी गप्प झाले. त्याचं बरोबर होतं. कंटॅमिनेशन हा शब्द त्यांनी माणसाला लावला म्हणून मला राग आला होता, आणि मीही तेच करत होते.

मग मी फोन बाहेर काढून, आमच्याच नियमाविरुद्ध, हळदीवाला दादांचं लिहिलेलं मोठ्याने वाचलं. टेम्पोत झोप येणाऱ्या ड्रायव्हरपर्यंत आले तेव्हा आवाज फुटला, पुढचं भुसावळच्या मित्राने वाचलं. तो नाही म्हणणाऱ्यांतला होता.

मत चार-दोन झालं. यार्डातला दादा, तुमची भीती आम्ही मानली. मित्राच्या वडिलांना सगळं सांगितलं, ते म्हणाले, दहापर्यंत चालेल, गाड्या आत लावा. तर दहा ही हद्द. दोघं अजून नाराज आहेत. त्यांतला एक आला नाही तर मला फार जड जाईल, तो माझा सगळ्यात जुना मित्र आहे.

आता अडचण वेगळीच. पोराला शनिवार मोकळा नाही. मेअखेरपर्यंत तिथी दाट आहेत, एकेका दिवशी दोन-दोन सुपाऱ्या. त्यामुळे आम्ही वार बदलतोय. बुधवार धरलाय. मला गुरुवारी सकाळी आठला लॅब असते, बघते कसं जमतं.

हळदीवाला, पारोळा

बुधवार बरा. बुधवारी माझीही गाडी उभी असते.

ताई, पारोळ्याहून चोपडा दीड तास आहे, अमळनेरवरून. दहातले सातच झाले ना तुमचे?

लॅमिनार, जळगाव

सातच. मत घ्यावं लागेल, पण माझं हो धरा. नंबर इथे टाकू नका, मी वेगळा निरोप पाठवते. जेवून येऊ नका, भरीत असतं.